शेवटच्या ओव्हरचं कडं

खेळपट्टीवर रक्ताचे अकरा थेंब, एक तुटलेला दात आणि एक बॅटिंग ग्लव्ह. सीमारेषेवर साठेक मराठी माणसं. त्यांपैकी निशिकांतच्या डोळ्याकडे फक्त त्याची बायको मेधा बघत होती. बाकीचे त्याच्या मनगटातल्या तांब्याच्या कड्याकडे.

२०१४ ची सेमीफायनल, सिंगापूरमधलं बेडोकचं मैदान. पुल मारताना निशिकांतच्या डाव्या डोळ्याखाली चेंडू बसला होता. एक ओव्हर उरली होती, नऊ धावा हव्या होत्या, आणि शेवटच्या ओव्हरमध्ये निशिकांत हरत नाही अशी सगळ्यांची खात्री होती.

कॅप्टन प्रबोधने फोन स्पीकरवर टाकला. पलीकडून कडं देणारे महाराज म्हणाले, "बाळ, संकटकाळी तुझ्या हातांत माझे हात असतात. तांबं तापलंय ना?"

"बत्तीस डिग्रीत तापणारच," मी म्हणाले.

"गार्गी, तू स्कोअर लिही," प्रबोध म्हणाला.

"दोन वर्षं तेच करतेय. शेवटच्या ओव्हरमध्ये त्यानं खेळलेले त्रेचाळीस चेंडू, त्यांत अकरा चौकार-षटकार. एरवीचे तीनशे अठरा, त्यांत ब्याऐंशी. दोन्हीकडे चारांत साधारण एक. तो नेहमीच चांगला मारतो. शेवटी वेगळं काही घडत नाही."

"आणि मागची फायनल त्यानं शेवटच्या ओव्हरमध्ये जिंकून दिली, ती?"

"ती लक्षात राहिली. त्याआधी तीनदा हरलो, ते?"

"तेव्हा त्यानं कडं काढून ठेवलं होतं."

"कोण म्हणालं?"

"महाराज."

"कधी?"

"हरल्यावर."

मेधा डॉक्टर आहे, नोव्हेनाच्या हॉस्पिटलात. "त्याला दोन-दोन बॉलर दिसतायत. हाड मोडलंय," म्हणत तिनं नवऱ्याचा दंड धरला. प्रबोधनं तिला ढकललं. "वहिनी, सहाच चेंडू." ती कोपरावर पडली. निशिकांतनं ते पाहिलं.

"मी असताना आपण हरत नाही, मेधा," तो तोंडातलं रक्त थुंकत म्हणाला. सुजलेल्या गालावर हेल्मेट बसेना. त्यानं ते भिरकावलं.

दुसरा चेंडू उसळला आणि थेट डाव्या डोळ्यावर बसला. ओला आवाज आमच्यापर्यंत आला. निशिकांत गुडघ्यांवर कोसळला. आमच्या संघातल्या दोघांनी स्टंप उपटून बॉलरच्या बरगड्यांत हाणले.

गवतात पडलेला फोन चालूच होता. "कडं उजव्या हातात घालायचं होतं, बाळ," महाराज सांगत होते.

जिंकलं तर कडं, हरलं तर हात चुकला. ज्या दाव्याला कधी हरताच येत नाही, त्याचे हुकलेले चेंडूही मोजा. मोजून होईपर्यंत त्यावर कुणाचा डोळा पणाला लावू नका.

सहा आठवड्यांनंतरची तपासणी: उजवा डोळा ६/६, डावा ६/६०, म्हणजे तक्त्यावरचं फक्त सर्वांत मोठं अक्षर.