दोन बादल्यांची थाप

मी एक जुना हापसा आहे मित्रांनो, आणि तेवढाच जुना थापाड्या. छावणीच्या पलीकडच्या एका वसाहतीत, मोकळ्या प्लॉटच्या कोपऱ्यात उभा आहे. मला इथं रोवलं तेव्हा पाणी असं उसळलं, की तिकडं आठ-दहा कोसांवरच्या फुलंब्रीत लोकांनी छत्र्या उघडल्या. खोटं वाटतं? वाटू द्या. पण सगळी वसाहत घागरी घेऊन माझ्यापुढं रांग लावायची, हे खरं आहे. पुढं घरोघरी नळ बसले. त्यांना आठवड्यातून एकदाच पाणी येतं, तरी लोक मला विसरले.

मग सायली आली. बारावीतली पोर. तिला आणि तिच्या मैत्रिणींना या प्लॉटवर बाग करायची होती. वसाहतीतल्याच आप्पासाहेबांना तिथं गाड्या लावायच्या होत्या. निकाल रविवारच्या सभेत, सगळ्यांनी हात वर करून.

"बाग कर गं, पण पाणी कुठून आणशील?" जो तो विचारायचा.

शनिवारी तिनं माझा दांडा धरला. किती वर्षांनी! माझ्या नळीत जेमतेम दोन बादल्या उरल्या होत्या, खाली नुसता खडखडाट. मला ते माहीत होतं. तरी फुशारकी अंगात आली. तिच्या दोन्ही बादल्या भडाभडा भरून दिल्या. ती नाचतच घरोघर सांगत गेली, "हापशाला लई पाणी हाय, काकू!"

रविवारी सगळे जमले. सायलीनं दांडा हापसला. मी खोकलो. पुन्हा हापसला. एक गंजका ढेकर निघाला, अन् त्यामागून एक पाल.

"व्वा! आता पालीवर फुलवा बाग," आप्पासाहेब म्हणाले. लोक खो खो हसले.

"काल आलं होतं हो, खरंच," सायली म्हणत राहिली. तिचे कान लाल झाले होते. खोटा मी, आणि खोटी ठरली ती! लोखंडाचा असूनही मला वितळून जावंसं वाटलं.

तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "नळ आले, नळ आले!" सभा मोडली. आणि आपली रीत तुम्हाला ठाऊकच आहे: ताजं पाणी आलं, की साठवलेलं शिळं पाणी ओतून द्यायचं. पिंपं लवंडली, गल्लीत ओहोळ वाहू लागला. सायली बघतच राहिली. मग धावली आणि समोरच्या म्हाताऱ्या गोजरबाईंच्या पिंपाला तिनं मिठीच मारली.

"आजी, ओतू नका! मला द्या."

"अगं, सात दिसांचं शिळं हाय ते!"

"झाडाला काय कळतंय, शिळं का ताजं?"

गोजरबाईंनी कलतं पिंप सरळ केलं. मग शेजारच्या दाराकडं वळून कडाडल्या, "आप्पा, पिंप लवंडू नगं! तुझ्या गाड्या पाणी पित्यात व्हय?"

त्या संध्याकाळी बागेसाठी हात वर झाले. आप्पासाहेबांचा अर्धाच, पण झाला.

आज इथं जास्वंद आहे, कढीपत्ता आहे, शेवगा आहे. नळाच्या दिवशी घरोघरचं शिळं पाणी येतं. त्यात माझा एक थेंब नाही. गोजरबाई मात्र दर खेपेला एक तांब्या माझ्या डोक्यावर ओततात. "पी बाबा, तुझाबी घसा सुकला असंल." शरमेनं मान खाली घालावी, तर तीही घट्ट बसवलेली.

म्हणून विनवतो मित्रांनो, तुमच्या भरवशावर कुणी शब्द द्यायला निघालं, तर आधी आपल्या तळात डोकावा. कोरडे असाल, तर तसं सांगून टाका. लोक हसतील. पण तुम्हाला हसतील, एखाद्या पोरीला नाही.