दसरूभाऊंचं पालुपद

हेमराजने पेटीचा भाता खाडकन बंद केला. पालुपद पुन्हा कोसळलं होतं. निम्मे लोक गाताना पुढे निघून गेले, उरलेले एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसले.

"काय होऊन राह्यलं तुमाले?" तो म्हणाला. "उद्या दसरूभाऊच्या आठवणीचं भजन आहे. साऱ्या गावासमोर असंच म्हनाल?"

देवळात बसलेले भजनी मंडळातले लोक वह्या चाळू लागले. राजुऱ्यातलं शिलाईचं दुकान लवकर बंद करून आलेला फारूक ढोलकीची दोरी ओढत राहिला.

उभी हयात या मंडळात गायलेले दसरूभाऊ अलीकडे प्रत्येक पालुपद अर्धी मात्रा उशिरा उचलायचे, आणि त्यांच्या भरदार आवाजामागे सगळं मंडळ फरफटत जायचं. त्यावरून हेमराज त्यांच्याशी किती भांडला होता. आता ते नव्हते, तर निदान ताल तरी सुधारायला हवा होता. पण पालुपद नेमकं कधी उचलायचं हेच कुणाला कळत नव्हतं.

"त्याईच्या मागं जायची सवय झाली, भाऊ," टाळ धरून बसलेला खुशाल पुटपुटला.

"तेच तं म्हनून राह्यलो. चुकणाऱ्याच्या मागं गेले तुमी."

बोलून झालं तेव्हा त्याला दारात गुणाबाई दिसल्या, दसरूभाऊंची बायको. मंडळाच्या झांजा परत द्यायला आल्या होत्या. हेमराज ओशाळून उठला.

"बाई, तसं नाई..."

"त्याईले ऐकूच येत नोतं, हेमराजभाऊ." त्यांनी झांजा सतरंजीवर ठेवल्या. "तीन वर्षं झाले."

"मंग गात कसे होते?"

"तुमच्या पेटीवर हात ठेवून बसत ना. पालुपदाशी तुमी जोरात वाजवता. लाकूड थरथरलं का उचलत."

हेमराजने पेटीच्या कडेकडे पाहिलं. पेटी दबते म्हणून त्याने तो हात कितीदा तरी झटकून काढला होता.

"मले काऊन नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं तं बसू देलं असतं तुमी?"

गुणाबाई परत गेल्या नाहीत. पदर सावरून भिंतीशी टेकल्या.

फारूकने ढोलकीवर हलकी थाप दिली.

"सुरू करू, भाऊ?"

हेमराज खाली बसला. बोटं पट्ट्यांवर गेली, मग पुन्हा मांडीवर आली.

"तुमी म्हना," तो म्हणाला. "मी ऐकतो."