बांबूनं लावला हात

"बाईच्या हाताचा वास लागला सापळ्याला," लांगुईचा बाप बियुंग दातओठ खात म्हणाला आणि बांबू पुन्हा तिच्या पाठीवर उतरला.

झालं होतं ते एवढंच. खालच्या शहरातल्या विद्यापीठाची पोरंपोरी डोंगरावरच्या शाळेत यंत्रविद्या शिकवायला आली होती. घरातली हलती-चालती वस्तू आणा, उघडून बघू, म्हणाली. कुणी पंखा नेला, कुणी कुलूप. लांगुईनं बापाचा रानडुकराचा सापळा नेला. बुनुन जमातीत शिकारीच्या हत्याराला बाईनं शिवू नये, हे तिला दुधाबरोबर पाजलेलं. पण त्या लोखंडी जबड्याची कमान कशानं दबते, या कोड्यानं पोर झपाटली होती. त्यात शिकारीच्या कानांवर बाणाचा नेम धरायचा सण तोंडावर आलेला. बाईनं शिवलेल्या सापळ्यात शिकार पडत नाही म्हणे; मग बाण मारायला कान कुठून आणायचे?

शाळेत शिकून तिनं ओझं उचलायची काड्यांची यारी केली होती, ती बियुंगनं टाचेखाली चिरडली. सोमवारी पोरांना विद्यापीठात न्यायला गाडी यायची होती. "त्या गाडीत पाय ठिवलास तर तंगडं मोडीन," म्हणाला, आणि तसाच धुमसत राळ्याच्या बांधावर सापळा मांडायला बसला. कमान पायानं दाबली. पाय रागाचा. तो निसटला.

जबडा घोट्यात रुतला. किंकाळीसरशी राळ्यावरची पाखरं उठली. ओल्या काळ्या मातीवर रक्त पसरत गेलं.

आई धावली आणि दोन्ही हात काखेत दडवून थबकली. गावातले बाप्ये सगळे वरच्या रानात.

"शिवू नगा," बियुंग कण्हला. "मेलो तरी शिवू नगा."

लांगुईनं बांधावर पडलेला तोच बांबू उचलला. बापानं दोन्ही हातांनी डोकं झाकलं.

बांबू पाठीवर आला नाही. त्याचं टोक तिनं खडकाच्या कपारीत कोंबलं, मधला भाग कमानीवर टेकवला आणि दुसऱ्या टोकावर वळ उठलेल्या अंगानिशी ओणवी झाली.

"सिना, भार दे," तिनं आईला हाक दिली.

आईही बांबूवर रेलली. कमान दबत गेली, जबडा सैलावला, बियुंगनं पाय ओढून घेतला. पांढरं हाड दिसत होतं.

"हात लावलास?" त्यानं विचारलं.

"न्हाई तामा," ती बापाला म्हणाली. "बांबूनं लावला."

सोमवारी गाडीचा भोंगा वाजला. फडक्यात गुंडाळलेला पाय लांब पसरून बियुंग उंबऱ्यात आडवा बसलेला. त्याला ओलांडून जायची लांगुईची छाती होईना.

मग दोन्ही हातांनी पाय उचलून त्यानं बाजूला घेतला.