आतली शिवण

मास्तरांना माणसांपेक्षा कपडे जास्त कळत, आणि हे ते स्वतःच अभिमानाने सांगत. दुकानात गिऱ्हाईक शिरलं की त्यांची नजर चेहऱ्याआधी खांद्यावर जाई. कॉलर मागे पडलेली दिसली की म्हणत, याची झोप उडालीय. पॅन्ट कमरेवर गोळा झालेली दिसली की म्हणत, याच्या अंगी अन्न लागत नाहीये, डॉक्टरला कळायला अजून महिना जाईल. निम्म्या वेळा ते खरं निघे, उरलेल्या वेळा ते सोयीस्कर विसरून जात. चाळीस वर्षं कात्री चालवलेल्या माणसाला एवढी शेखी माफ असावी.

त्यांची धाकटी बहीण दुकानाच्या वरच्या खोलीत एकटी राहायची. चाळिशी उलटली तरी घरात तिला सगळे चिमणीच म्हणत. काज, बटणं, अस्तर, सगळं हातकाम तिचं. पूर्वी तिचे हात आणि तोंड एकाच वेगाने चालायचे. मास्तरांच्या पाठीमागे त्यांचीच नक्कल करून ती गिऱ्हाइकांना हसवायची. गेल्या वर्षभरात तोंड हळूहळू बंद पडलं. हात मात्र चालू होते, त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही.

लक्षात आलं ते मास्तरांच्या बायकोच्या. वन्सं ताटातलं चिवडून उठतात, भर दुपारी खोलीचा पडदा उघडत नाहीत, हाक मारली तर दुसऱ्या हाकेला ओ देतात, असं तिने दोनतीनदा नवऱ्याच्या कानावर घातलं. मास्तरांनी ते उडवून लावलं. एकदा तर तिला हाताला धरून जिन्यापाशी नेलं आणि उतरणाऱ्या बहिणीकडे बोट दाखवलं. त्यांनीच शिवलेला, हल्ली ती बारा महिने घालत असलेला करडा कोट तिच्या अंगाला असा बसला होता की सुरकुती शोधूनही सापडू नये.

"खंगलेल्या माणसाचा कोट असा बसतो का? तुझं आपलं काहीतरीच," ते हळूच म्हणाले.

बायको कामाला निघून गेली. मास्तरांना वाटलं, पटलं तिला.

थंडी सुरू होता होता चिमणी तीन दिवस खालीच आली नाही. कणकण आहे म्हणाली. बायको तिला पेज द्यायला वर गेली तेव्हा खुर्चीवर टाकलेला कोट तिला दिसला, काखेत अस्तर उसवलेलं. ती तो खाली घेऊन आली. मास्तरांना बरं वाटलं. आयुष्यभर लोकांची अस्तरं लावणाऱ्या बहिणीचं अस्तर एकदा आपण लावून द्यावं, एवढाच त्यांचा विचार. त्यांनी कोट उलटा केला, अस्तर थोडं आणखी उसवलं आणि आत बघितलं.

बगलेखालच्या शिवणीत त्यांची स्वतःची मशीनची एक ओळ होती. तिच्या आत हाताच्या बारीक टाक्यांची दुसरी ओळ होती. पाव इंच आत तिसरी. मग चौथी, पाचवी, सहावी. दुसऱ्या बाजूलाही तेच. टाका कुणाचा हे विचारायची गरज नव्हती. इतका एकसारखा टाका त्या दुकानात एकच हात घालत होता. मशीनवर घेतलं असतं तर खाली आवाज आला असता, म्हणून हाताने.

एका ओळीला घेराचा एक इंच. मास्तरांनी हिशेब केला आणि पुन्हा टेप लावून पाहिला. पाच इंच. पाच इंच बहीण त्यांच्या डोळ्यांसमोर कमी झाली होती आणि ते कोटाकडे बघून खूश होते. कोटाच्या वर एक चेहराही होता, तो त्यांनी वर्षभर पाहिलाच नव्हता. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. इस्त्रीच्या टेबलाला धरून ते रडले.

मग कोट तसाच हातात घेऊन ते वर गेले. चिमणी भिंतीकडे तोंड करून पडली होती. वळून उलटा कोट बघताच तिला सगळं समजलं.

"हे कशासाठी गं?" त्यांनी विचारलं.

मग ती म्हणाली, "ढगळ दिसला असता तर तू विचारलं असतंस, दादा. आणि मला सांगायला काहीच नव्हतं. काही झालेलंच नाही ना. नुसतं सकाळी उठवत नाही." पुन्हा भिंतीकडे वळून ती म्हणाली, "आत घ्यायला कापड उरणार नाही, त्या दिवशी सुटू, असं वाटायचं."

मास्तर दुसऱ्या दिवशी दुकान न उघडता तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. बाईंनी तासभर ऐकून घेतलं आणि नैराश्य हा शब्द उच्चारला. मास्तर हुज्जत घालायला लागले, की हिला काय कमी आहे, कशाचं दुःख आहे. बाई म्हणाल्या की कारण सापडलं नाही तरी आजार खराच असतो. औषधं दिली, दर आठवड्याला बोलायला बोलावलं, आणि काही महिने तिला एकटं झोपू देऊ नका असं बजावलं. चिमणीचा पलंग खाली आला.

बरं होणं म्हणजे काय ते मास्तरांना तेव्हा समजलं. चार दिवस पडदा उघडायचा, पाचव्या दिवशी पुन्हा बंद. एकदा औषध बदलावं लागलं, तेव्हा दोन आठवडे घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. पहिल्यांदा ती हसली ते मास्तरांनी सुई समजून टाचणीत दोरा ओवायला घेतला तेव्हा. हसली आणि लगेच दमली.

पुढच्या थंडीत ती करडा कोट घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली.

"दादा, बगलेत आवळतोय."

मास्तरांना आनंद लपवता येईना. त्यांनी ब्लेड घेतलं, सगळ्यात आतली ओळ दोन्ही बाजूंनी उसवली आणि त्याच भरात पुढच्या ओळीला हात घातला. चिमणीने त्यांचं मनगट धरलं.

"एकच," ती म्हणाली.

त्यांनी ब्लेड ठेवलं. इस्त्री फिरवली, पाणी मारून पुन्हा फिरवली, तरी उसवलेल्या जागी सुईची भोकं दिसतच राहिली. चिमणीने कोट घातला. खांद्यावर नीट, बगलेत नीट, कुठे सुरकुती नाही. मास्तरांची नजर सवयीने त्यावरून फिरली आणि जीभ शाबासकी द्यायला उचलली गेली. मग त्यांनी मान वर करून तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"कशी आहेस?"

"आज वाईट आहे, दादा," ती म्हणाली. "कालच्यापेक्षा वाईट."

मास्तरांनी इस्त्री बंद केली, दाराला कडी लावली आणि स्टूल ओढून तिच्याजवळ बसले.