टोकापर्यंतचा उजेड

"चपला बाहेर, पिशव्या बाहेर. आणि आल्या आल्या पाण्यात बघायचं नाही. आधी वर बघायचं," वर्धमानअण्णांनी पाहुण्यांना बजावलं.

पाहुण्यांनी निमूट वर पाहिलं. लग्नाची पत्रिका द्यायला आले होते बिचारे. पण विश्रामबागेतल्या या घरात पत्रिका द्यायची तर आधी दिवे बघावे लागतात, हे एव्हाना सगळ्या पै-पाहुण्यांना ठाऊक झालं होतं. छताला दोन दिवे लोंबत होते. एक रुंद, दुसरा पट्टीसारखा निमुळता, जरा तिरका.

"हं. आता खाली बघा."

खाली काचेची टाकी होती. तिकोनी. दोघा भावांत घर वाटलं गेलं तेव्हा जिना कुणाकडे जावा यावर एकमत झालं नाही, म्हणून मधली भिंत तिरकी गेली आणि दिवाणखान्यात एक तिकोना उरला. त्यात कपाट बसेना, सोफा बसेना, पाहुणा तर बसेनाच. हळदीचं दुकान मुलाकडे सोपवल्यावर अण्णांनी तिथं समुद्र बसवला.

कल्पना उंब्रजच्या मानसिंगची. मानसिंग मिलिटरीतून निवृत्त झाला, ट्रक घेतला, अण्णांची हळदीची पोती वाहता वाहता त्यांचा दोस्त झाला. नोकरीत अंदमानला होता, तेव्हापासून त्याला कोरलचं, म्हणजे प्रवाळाचं वेड. घरी खाऱ्या पाण्याच्या दोन टाक्या ठेवून होता.

अण्णांच्या घरी मात्र परवानगी गुणमालाबाईंची लागत होती. त्यांनी जैन देवळात पंडितजींना विचारलं. शास्त्रात प्रवाळाची गणना मातीदगडांत होते, असं उत्तर मिळालं. मग त्यांनी अट घातली: मासे नाहीत, आणि माशांचं कसलंही खाणं या घराच्या उंबऱ्याच्या आत नाही.

"मासं न्हाईत तर टाकी कसली ओ वैनी?" मानसिंगनं विचारलं होतं.

"दगड उजेडावर जगतो म्हणालात न्हवं? मग जगू दे की उजेडावर."

म्हणजे सगळा भार दिव्यावर आला.

अण्णांना त्याची भीती वाटली नाही. हळदीचा रंग कोणत्या उजेडात पारखायचा हे ज्याला कळतं, त्याला दिवा काय अवघड? पण बाजारातले दिवे चौकोनी टाक्यांसाठी केलेले. पहिला लांबडा आणला, त्याचा निम्मा उजेड भावाच्या भिंतीवर पडला. भावाला फुकट उजेड कशाला, म्हणून तो परत. दुसरा गोल आणला, त्यानं मधलं कोरल भाजून पांढरं केलं आणि टाकीचं टोक अंधारातच ठेवलं. ते टोक जिन्याखाली घुसलेलं. तिथलं कोरल रोज थोडं आक्रसायचं. अण्णा पुठ्ठ्याचा तिकोना कापून काखेत मारून सातारा, कोल्हापूर फिरले. दिव्यांबद्दल त्यांनी इतकं वाचलं की कोरलबद्दल वाचायला वेळच उरला नाही. दिवे जुळेपर्यंत टोकातलं कोरल मेलं. अण्णा चार दिवस धड जेवले नाहीत.

अखेर ही जोडी ठरली. दिवे टांगायच्या दिवशी मानसिंग स्वतः आला, शिडी धरून उभा राहिला आणि टोकात ठेवायला आपल्या टाकीतल्या कोरलचा एक तुकडाही घेऊन आला. तो तुकडा जगला. नुसता जगला नाही, फुलला. पिवळाधमक, राजापुरी हळदीसारखा.

"जिन्याखाली, एवढ्या कोपऱ्यात!" पाहुणे म्हणाले.

"अन्नाचा कण नाही," अण्णा म्हणाले. "नुसता उजेड. हा निमुळता दिवा आहे ना, तो सगळं करतो."

गुणमालाबाई सरबत घेऊन आल्या होत्या. त्यांनी पेले ठेवले आणि आत गेल्या.

त्याच संध्याकाळी देवळातला माइक बिघडला आणि प्रवचन रद्द झालं. अण्णा लवकर परतले, तर दिवाणखान्यात अंधार. दोन्ही दिवे बंद. मोबाइलच्या मिणमिणत्या उजेडात गुणमालाबाई टाकीवर वाकलेल्या. हातात पिचकारी, शेजारी बाटली. टोकातलं पिवळं कोरल शंभर तोंडं उघडून बसलं होतं. सूर्य कधीच मावळला होता. दगड जेवत होता.

"काय करायलीयस?"

"दिसायलंय की."

"बाटलीत काय आहे?"

"मी वाचलेलं नाही. हे करताना मी चष्मा लावत नाही."

अण्णांनी चष्मा लावला आणि वाचलं. कोळंबी होती, वाटलेली.

"कधीपासून?"

"हे आणलं तेव्हापासून. एक दिवसाआड. तुम्ही प्रवचनाला गेला की."

"अट तुझी होती, गुणमाला."

"माझी होती, मीच मोडली. पाप माझ्याकडे. गूळ सोडलाय त्यासाठी." त्यांनी पिचकारी पदराआड घेतली. "आधीचं मेलं तेव्हा तुम्ही ताटावरनं उठायचा. मानसिंगभावजींना फोन केला, म्हटलं, काय वाट्टेल ते करा पण तिथं एक जगेल असं आणा. ते म्हणाले, जगेल, पण घास द्यावा लागंल."

"आणि दिवा?"

"तेवढं मला कळत नाही. त्यांना विचारा."

अण्णांनी फोन लावला.

"बोला अण्णा!"

"त्या पिवळ्याला उजेड किती लागतो?"

पलीकडे हायवेवरचा एक ट्रक हॉर्न देत निघून गेला.

"वैनी घावल्या व्हय?"

"विचारलं तेवढं सांग."

"अण्णा... त्येला उजेड लागतच न्हाई. समुद्रात ते कपारीत, अंधारात ऱ्हातंय. त्येला नुसतं खायला पायजे."

"अजिबात नाही?"

"उलट जरा तरासच व्हतोय म्हना की."

"मग शिडी धरून तू तासभर उभा कशाला राहिलास रं?"

मानसिंग म्हणाला, "तुमी लय मनापासून लावत व्हता अण्णा."

अण्णांनी फोन ठेवला. भावानं जिन्यावरून फसवलं तेव्हा ते तिरकी भिंत घालून मोकळे झाले होते. हळदीच्या सौद्यात कुणी फसवलं तर चारचौघांत त्याचं नाव घेता येत होतं. इथं मात्र दोघांनी मिळून, प्रेमानं, एक दिवसाआड फसवलं होतं. भिंत तरी कुठे घालायची?

"उद्यापासून बंद करते," गुणमालाबाई म्हणाल्या.

"मग?"

"मग जाईल ते. दुसरं काय."

अण्णांनी दोन्ही दिवे लावले. पिवळी तोंडं एकेक करत मिटली. आजवर ते मिटणं बघायचं त्यांचं राहूनच गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातले एक प्राध्यापक बायकोला घेऊन मुद्दाम दिवा बघायला आले. अण्णांनी चपलांचं सांगितलं नाही, वर बघायचंही सांगितलं नाही. प्राध्यापक आपणहून वाकले.

"कमाल आहे अण्णा! इतक्या टोकाला उजेड पोचवलात कसा?"

गुणमालाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी मान खाली घातली. अण्णांनी त्यांच्याकडे पाहिलं, टोकातल्या मिटलेल्या पिवळ्या गोळ्याकडे पाहिलं.

"पोचला," ते म्हणाले. आणि सरबताचं सांगायला आत गेले.

संध्याकाळी दिवस असतानाच जेवणं झाली. उन्हं गेल्यावर अण्णांनी टोपी घातली.

"आज कुठंय प्रवचन?" गुणमालाबाईंनी विचारलं.

"नाही."

"मग निघालाय कुठं?"

"अर्धा तास लागेल मला यायला." दारात चप्पल घालता घालता ते थांबले. मागं न बघता म्हणाले, "काल अर्धवट राहिलंय. पाऊण तास धर."

कोपऱ्यावरच्या डेअरीपाशी जाऊन ते उभे राहिले. तिथून घराची खिडकी दिसत होती, निळसर उजळलेली. थोड्या वेळानं तो उजेड निम्मा झाला. रुंद दिवा गेला असणार. मग निमुळताही गेला.

"अण्णा, तुमच्यात लाईट गेली काय ओ?" डेअरीवाल्या सिद्धूनं विचारलं.

"गेली नाही. बंद केलीय," अण्णा म्हणाले, आणि घराकडे पाठ करून उभे राहिले.