रसेलचा आटलेला स्वेटर

“लोकर आहे ही, गार पाण्यातच धुवायची. आणि पिळायचं तर नावच काढायचं नाही!” विणकाम गिरणीतली हिल्डामावशी माझी घडी घालताना म्हणाली होती. मित्रांनो, मी एक जुना लोकरी स्वेटर आहे. तिचे बोल मला आजही आठवतात; पण ते कुणाला सांगायला मला तोंड कुठे होते?

माझा जन्म ओहायोतल्या एका लहान गावातला, दुसरे महायुद्ध संपल्यानंतरचा. दुकाने पुन्हा भरली होती आणि सैन्यातून परतलेली मुले सरकारी खर्चाने कॉलेजात शिकत होती. त्यांतलाच रसेल. फुटबॉलच्या संघासाठी त्याने जिवाचे रान केले, तेव्हा कुठे छातीवर कॉलेजच्या नावाचे पहिले अक्षर मिरवणारा मी त्याला मिळालो. लगेच त्याने मला लोरेनच्या खांद्यांवर घातले. आमच्याकडे मुलाने स्वेटर दिला म्हणजे जोडी जमली. आणि मुलीने तो परत केला म्हणजे सारे संपले.

लोरेन कॉलेजच्या नाटकांत कामे करी. तालमीत थंडी वाजली की मला लपेटून बसे. रसेल मात्र प्रत्येक नाटकाच्या मध्यंतरात पळ काढी.

एके दिवशी लोरेनच्या घरी धुलाईयंत्र आले. शेजारणी बघायला लोटल्या. तिची आई ओपल मोठी श्रद्धाळू. बटण दाबण्याआधी तिने डोळे मिटून प्रार्थना म्हटली. शनिवारी खेळाडूंनी आपापले स्वेटर घालून मैदानाला फेरी मारायची होती. मी स्वच्छ दिसावे म्हणून तिने मला प्रेमाने कढत पाण्यात टाकले. बाहेर आलो तो बाळाच्या झबल्याएवढा होऊन!

शनिवारी सकाळी लोरेनने मला कागदात गुंडाळून रसेलच्या हाती दिले.

“हा घे तुझा स्वेटर. मला माफ कर.”

रसेलचा चेहरा पांढराफटक पडला. “नाटकातून पळतो म्हणून सोडतेस मला?”

“अरे, उघडून तरी बघ!”

त्याने कागद सोडला. “हे काय गं? मी फुगलो, की हा आटला?”

“आईनं यंत्रात घातला. सकाळपासून रडतेय बिचारी.”

“रडू नका म्हणावं. माझा तर जीवच गेला होता!”

“आज संध्याकाळच्या नाटकातून पुन्हा अर्ध्यात पळालास, तर खरंच सोडीन हं.”

“नाही पळणार. पडदा पडेपर्यंत बसेन. आज आणि नेहमीच. शब्द देतो.”

मला छातीवर टाचून तो ऐटीत मैदानात उतरला.

“काय रे, बारसं कुणाचं?” मित्र ओरडले.

“तुमच्या अकलेचं!”

त्या संध्याकाळी तो शेवटपर्यंत बसला. पुढे त्यांची मुले मला घालून वाढली. आता मी देवदाराच्या पेटीत सुखात आहे. मित्रांनो, नवी यंत्रे जरूर आणा. पण वस्तूचा स्वभाव ओळखून तिला जपा. प्रेमाने केलेल्या कामालाही थोडी चौकशी लागते.

पण थांबा, पेटीचे झाकण उघडले! आज गावच्या नाट्यमंडळात लोरेनआजीचा प्रयोग आहे. हल्ली रसेलला नाटकातले एक वाक्य धड ऐकू येत नाही. तरी त्याने मला कोटाच्या खिशात घातले, काठी घेतली आणि मुकाट्याने नाट्यगृहाची वाट धरली.