सातव्या महिन्यातलं स्टूल

"मॅडम, पोटात बाळाचा आधी मेंदू तयार होतो की ढुंगण?"

मैत्रिणींनी पैज लावली होती म्हणून विचारलं. वर्ग खिदळला. मला वाटलं, आता वर्गाबाहेर. पण जीवशास्त्राच्या मॅडमनी पर्समधून रुमाल काढला आणि टेबलावर पसरला.

"आधी ही अशी सपाट पट्टी. मग तिच्या कडा उचलतात, मधे जुळतात आणि दोन्ही टोकांकडे मिटत जातात. झाली नळी. वरचा भाग मेंदू, खालचा मज्जारज्जू. चौथ्या आठवड्यात हे काम उरकलेलं असतं. आईला कित्येकदा दिवस गेलेत हेही ठाऊक नसतं."

माझं हसू तिथेच विरलं. पुढचा प्रश्न पैजेतला नव्हता. "आणि खालचं टोक मिटलंच नाही तर?"

"तर पाठीत फट राहते. पायांकडे जाणाऱ्या नसा दुबळ्या होतात."

म्हणजे आमचा टिल्लू. माझा धाकटा भाऊ, सहा वर्षांचा, तोंडाने तुफान, पायांनी गप्प. पाठीवर टाक्यांचा व्रण. आमच्या घरात याचं कारण कधीच ठरून गेलंय: आई सातव्या महिन्यात बल्ब बदलायला स्टुलावर चढली आणि पडली. डॉक्टरांनी तेव्हा काही वेगळं सांगितलंही असेल, पण आत्याचा आवाज मोठा. ती दर रविवारी येते, टिल्लूच्या पायांवरून हात फिरवते आणि म्हणते, "चढायची काय गरज होती गं वहिनी?" आई खाली मान घालून कपड्यांच्या घड्या करत राहते. बाबा वायरमन, दिवसभर लोकांच्या घरी शिडीवर. ते अवाक्षर काढत नाहीत. ते स्टूल मात्र त्यांनी माळ्यावर टाकलंय, पार आत.

घरी आल्यावर मी आई-बाबांना समोर बसवलं, टिल्लूचा रुमाल फरशीवर पसरला आणि सगळं करून दाखवलं.

"चौथा आठवडा, आई. तू पडलीस त्याच्या कितीतरी आधी जे व्हायचं ते होऊन गेलं होतं."

आता आई मला जवळ घेणार, असं मी धरूनच चालले होते. ती रुमालाकडे बघत राहिली. "मग कशामुळे?"

हे मी मॅडमना तास संपल्यावर विचारलं होतं. "बऱ्याचदा कारण सापडतच नाही, असं मॅडम म्हणाल्या."

"पडले म्हणून, असं तरी म्हणता येत होतं," आई म्हणाली. "आता काय म्हणू?"

बाबा भिंतीकडे बघत बोलले, "बल्ब मी बदलायचा होता. आठवडाभर तू सांगत होतीस."

इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच. खोलीत अंधारून आलं तरी दिवा लावायला कुणी उठेना.

"माझा रुमाल द्या," टिल्लू म्हणाला. "नाक गळतंय."

मी रुमाल त्याला दिला. "रविवारी आत्या आली की हाच तिच्यापुढे पसरणार आहे. तुम्ही नको म्हणालात तरी. आणि बाबा, त्याआधी ते स्टूल खाली काढा. तिला त्यावरच बसवणार आहे."